गॉगलकाकांचं वाण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी पटकन आईवडिलांचं नाव सांगतो, कारण तसं सांगितलेलं बरं दिसतं. खरं उत्तर वेगळं आहे. ते उत्तर इंग्लंडमधल्या स्लाऊला राहतं, त्याचं नाव प्रभाकर निमकर, आणि जानेवारीच्या पावसात, भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले असताना ते बस स्टॉपवर काळा गॉगल लावून उभं असतं.

स्लाऊतली मराठी माणसं त्यांना तोंडावर निमकरकाका म्हणत आणि पाठ वळली की गॉगलकाका. त्यांना 'गॉगल' हा शब्द सहन होत नसे. "गॉगल पोहायला लागतो. किंवा वेल्डिंगला. ह्याला आयवेअर म्हणायचं," असं ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. एकदा मराठी मंडळाच्या दिवाळीत निवेदकाने त्यांचा 'आपले लाडके गॉगलवाले' असा उल्लेख केला. काकांनी निषेध म्हणून जेवण सोडलं. म्हणजे पुरी, भाजी, मसालेभात घेतला, श्रीखंड सोडलं. तेही डबा भरून घरी नेलं.

मी मेहकरचा. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर. काकांनी माझं नाव एकदाच विचारलं आणि लगेच बाजूला ठेवलं. त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आलो त्या दिवसापासून मी 'मेहकर' झालो. "काय मेहकर, आज ट्रेन वेळेवर?" "मेहकर, तो दिवा बंद कर." काकू मात्र मला नावाने हाक मारत आणि जास्तीची पोळी वाढत.

काका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग विभागातून निवृत्त झाले होते. चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाड्यांना दंडाच्या पावत्या लावणं हे त्यांचं काम. गॉगलचा नाद तिथेच लागला. "डोळे दिसले की लोक गोष्ट सांगायला लागतात," ते म्हणत. "आई हॉस्पिटलमध्ये आहे, मूल गाडीत ओकलंय, फक्त दूध आणायला गेलो होतो. काळी काच असली की गोष्ट अर्ध्यात थांबते. मग मी पावती लावतो." उन्हाळ्यात लावलेला गॉगल त्यांनी हिवाळ्यातही ठेवला. साहेबाने हरकत घेतली तेव्हा काकांनी डोळ्यांना वारा लागत असल्याचं सांगितलं. तो पहिला काळा, जाड फ्रेमचा गॉगल त्यांनी निवृत्तीनंतरही वापरला. त्याला ते 'ड्युटीचा' म्हणत. बाकीचे सगळे त्याच्यानंतर आले, आणि ते 'संग्रहातले'.

लोकांना दंड लावल्याची त्यांना कधी खंत वाटली नाही. खंत दुसरीच होती. पावतीवर अधिकाऱ्याचं नाव नसे, फक्त क्रमांक असे. "अख्खी नोकरी लिहिण्यात गेली, मेहकर. आणि या देशात एकाही कागदावर माझं नाव नाही," असं ते चहा पिताना म्हणत. काकू आतून म्हणत, "नशीब समजा. नाव असतं तर लोक घरी आले असते."

संग्रह मोठा होता आणि सगळा नामांकित घराण्यांचा होता: इटालियन, फ्रेंच, क्वचित जपानी. कौन्सिलच्या माणसाला ही चैन कशी परवडली, हा मंडळातला आवडता चर्चेचा विषय. उत्तर सोपं होतं. काका नवा गॉगल कधीच घेत नसत. दर शनिवारी ते विंडसर, मार्लो, हेनली असल्या नदीकाठच्या श्रीमंत गावांतली, लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणारी चॅरिटी शॉप्स पालथी घालत. "श्रीमंत माणसं विसराळू असतात आणि त्यांच्या बायकांना लवकर कंटाळा येतो. या दोन गुणांवर माझा संग्रह उभा आहे," असं ते अभिमानाने सांगत. दुकानातल्या वयस्कर बायका त्यांना ओळखत. एकीने मला विचारलंही होतं की तुमच्या वडिलांचं डोळ्यांचं दुखणं फार जुनं आहे का.

त्यांचा एक नियम मात्र लोखंडी होता. मूळच्या डबीशिवाय गॉगल घ्यायचा नाही. मार्लोला एकदा कासवाच्या पाठीसारख्या रंगाची एक फ्रेंच फ्रेम मिळाली. काकांनी ती उजेडात धरली, काड्या उघडून मिटून पाहिल्या, आतली बारीक अक्षरं वाचली. मग दुकानातल्या बाईला डबी विचारली. डबी नव्हती. काकांनी फ्रेम होती तिथे परत ठेवली.

"अहो काका, घ्या की," मी म्हणालो. "एवढी आवडलीय तर."

"डबीशिवायचा गॉगल म्हणजे कोणाचा तरी हरवलेला गॉगल. तो संग्रहात येत नाही. जोडी मोडायची नाही, मेहकर." रागाच्या भरात त्यांनीही 'गॉगल'च म्हटलं, पण मी ते दाखवून दिलं नाही. स्लाऊ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

आणि एवढे जमवलेले गॉगल ते घालत कधी? कधीच नाही. पावसात घालायचे नाहीत, कारण बिजागरीत पाणी जातं. उन्हात घालायचे नाहीत, कारण उन्हाने फ्रेमचा रंग उडतो. इंग्लंडमध्ये या दोन्हींच्या मधलं जे काही हवामान असतं त्यात गॉगलची गरज पडत नाही. रविवारी सकाळी काका पडदे ओढून घेत, बैठकीच्या खोलीत टेबलावर पांढरा टॉवेल अंथरत आणि एकेक डबी उघडून काचा पुसत. "उन्हासाठी घेतो तो ग्राहक. ऊन नसताना घेतो तो संग्राहक," हे वाक्य ते तेव्हा म्हणत. काकू दारातून बघत आणि म्हणत, "एवढं माझ्या गुडघ्यांना चोळलं असतं ना, तर मी आज विंडसरपर्यंत पळत गेले असते."

आता उपकाराचं सांगतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वडिलांचं एसटी स्टँडसमोर रसवंतीचं दुकान. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकच शिस्त पक्की शिकलो: मोठ्या माणसासमोर नजर खाली. गुरुजी बोलत असताना त्यांच्याकडे बघितलं तर "डोळे वर करून बघतोस?" असं म्हणून पाठीत बसे. ती शिस्त घेऊन मी स्लाऊच्या ऑफिसात आलो आणि बॉस बोलायला लागली की तिच्या बुटांकडे बघू लागलो. थोड्याच दिवसांत तिने मला बोलावून सांगितलं की माझं काम चांगलं आहे, पण टीमला माझ्यावर विश्वास ठेवणं जड जातंय. मी काहीतरी लपवतोय असं वाटतं. प्रोबेशन वाढवलं. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, व्हिसा गेला तर मी मेहकरला, हे मला हिशेब न करता कळत होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग वर जाऊन संग्रहातला सगळ्यात खालच्या दर्जाचा, एका काचेवर ओरखडा असलेला गॉगल आणला आणि माझ्या नाकावर चढवला.

"बघ माझ्याकडे."

मी टेबलाकडे बघत होतो.

"मेहकर, तुझे डोळे आता कोणालाही दिसत नाहीत. कुठेही बघ. राणीच्या फोटोकडे बघ, माझ्या टकलाकडे बघ. कोणी तुला उद्धट म्हणू शकत नाही. बघ."

मी बघितलं. काकांचे डोळे बारीक आणि थोडे पाणावलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एका वडीलधाऱ्या माणसाच्या डोळ्यांत सरळ बघत होतो आणि आकाश कोसळलं नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली. आधी काकू. मग बसचा ड्रायव्हर. मग भाजीवाला, मग बँकेतली बाई, जिने बहुधा मला दरोडेखोर समजून मॅनेजरला बोलावलं. गॉगल लावून दोन वाक्यं बोलायची, तिसऱ्या वाक्याला गॉगल काढायचा आणि नजर तिथेच ठेवायची. काका शेजारी उभे राहून हळूच म्हणत, "खाली गेली. खाली गेली. वर आण." त्या वसंतात मी बॉसच्या डोळ्यांत बघून माझं म्हणणं मांडलं आणि नोकरीत कायम झालो. काकांनी ही बातमी मंडळात मोठ्या आवाजात सांगितली. "हा आला तेव्हा फक्त जमिनीशी बोलायचा," असं ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत. ते दर वेळी सांगत. माझ्या साखरपुड्यातही त्यांनी माझ्या सासऱ्यांना हेच सांगितलं.

अशातच त्यांचं नाव कागदावर यायची वेळ आली. शेजारच्या परगण्यातल्या एका छोट्या संग्रहालयात 'शेजाऱ्यांचे छंद' नावाचं कायमचं दालन उघडणार होतं. तिथली हेलन नावाची अधिकारी घरी आली. तिने पांढऱ्या टॉवेलावरचे गॉगल बघितले, त्यांच्या डब्या बघितल्या, आणि डब्यांवर ती जास्त खूश झाली. मखमलीचं अस्तर, सोनेरी अक्षरं, चुंबकाची झाकणं. एक पूर्ण काचेचं कपाट द्यायचं ठरलं. प्रत्येक गॉगल आपापल्या उघड्या डबीसकट. आणि खाली पितळी पट्टी: 'पी. जी. निमकर संग्रह'.

हेलन गेल्यावर काकांनी मला विचारलं, "पट्टीवर आद्याक्षरं बरी की पूर्ण प्रभाकर?" पुढचा महिनाभर ते हेच विचारत होते. उद्घाटनाचं भाषणही त्यांनी बाथरूममध्ये पाठ केलं. त्यात माझ्या नजरेचा किस्सा होताच.

फोटो काढण्यासाठी हेलनने सगळे गॉगल ट्रेमध्ये मांडून ठेवायला सांगितले होते. रिकाम्या झालेल्या डब्या काकांनी एका मोठ्या खोक्यात भरून जिन्याजवळच्या लहान खोलीत ठेवल्या. इथेच घात झाला. कारण मराठी घरात रिकामा डबा म्हणजे भरायचा राहिलेला डबा.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी काकूंचं हळदीकुंकू होतं. बायकांचा कार्यक्रम, म्हणून काकांना आणि मला सकाळीच बाहेर काढण्यात आलं. आम्ही हेनलीला गेलो, पावसात भिजलो, काही न मिळवता परतलो. घरात अत्तराचा वास होता, सोफ्यावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या, आणि काकू फार खूश होत्या.

"अहो, यंदाचं वाण काय गाजलं म्हणून सांगू! दरवर्षी मेल्या त्या प्लॅस्टिकच्या वाट्या. यंदा मी म्हटलं, इतक्या सुंदर डब्या रिकाम्या पडल्यात. प्रत्येकीत दोन-दोन तिळाच्या वड्या घातल्या, वर हळदीकुंकवाचं बोट लावलं. बायका उघडून बघत होत्या, गॉगल आहे की काय म्हणून! काय हसलो आम्ही!"

काका कोट न काढता लहान खोलीत गेले. खोकं रिकामं होतं. ते परत आले तेव्हा त्यांनी ड्युटीचा गॉगल लावला होता. घरात त्यांना गॉगल लावलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"फोन लाव," ते काकूंना म्हणाले. "एकेकीला फोन लाव आणि परत माग."

"काय मागू?"

"डब्या."

"दिलेलं वाण परत मागू? संक्रांतीचं?" काकूंचा आवाज चढला. "मंडळात तोंड दाखवायला जागा राहील का मला? त्यापेक्षा मला दंडाची पावती लावा!"

"तुझ्या तोंडाचं काय घेऊन बसलीस? माझं नाव चाललंय!"

"नाव कुठे जात नाही. डब्या मागाल तर मात्र जाईल."

मग काकांनी मध्यममार्ग काढला. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायला कोणाच्याही घरी जाता येतं. मागायचं नाही, फक्त विषय काढायचा. समोरची समजूतदार असेल तर स्वतःहून देईल. "मेहकर, गाडी काढ," ते म्हणाले. तिळगुळाची पुडी हातात धरून, ओठ आवळून ते शेजारी बसले. इतक्या रागात गोड बोलायला निघालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पहिलं घर लँगलीच्या दातारांचं. सूनबाई कामावर, घरात एकट्या आजी. फ्रेंच डबी त्यांच्या मांडीवरच होती. काकांना धीर आला. त्यांनी सगळं मन मोकळं केलं. संग्रह, हेलन, कपाट, पितळी पट्टी, बायकोची अक्कल. आजी मान डोलवत हसत होत्या. काका थांबल्यावर त्यांनी डबी उघडली, आतून कानाची दोन यंत्रं काढली, सावकाश कानात बसवली आणि म्हणाल्या, "हं, आता बोला. फार छान चष्म्याचं घर दिलं हो तुमच्या बायकोने. आधी यंत्रं सारखी हरवायची."

काका म्हणाले, "तिळगूळ घ्या."

दुसरं घर रियाचं. इथेच जन्मलेली, शाळेत शिकवणारी पोरगी. तिने दारातच काकांना मिठी मारली. "काका, तो डबी किती मस्त आहे! मी त्याच्यात माझा इन्सुलिन पेन ठेवते. आधी मी स्टाफरूममध्ये ते लपवायचे, मला ऑकवर्ड व्हायचं. आता सगळे विचारतात, हाउ पॉश, कुठून आणला?"

"तो डबी नाही, ती डबी," एवढंच काका म्हणाले. त्यांच्या एकूण मागणीपैकी तेवढंच तोंडातून बाहेर पडलं.

तिसरं घर हाउन्स्लोला. श्वेता नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच आलेली. तीन कुटुंबांत एक स्वयंपाकघर. भिंतीला खिळा मारायचा नाही, दिवा लावायचा नाही, असं घरमालकाने बजावलेलं. खिडकीच्या कठड्यावर काकांच्या संग्रहातली सर्वांत मोठी, सर्वांत देखणी इटालियन डबी उघडी ठेवलेली होती. आत लाल मखमलीवर रांगणारा बाळकृष्ण बसला होता.

"किती छान देव्हारा दिला हो काकूंनी," श्वेता म्हणाली. "देव आणले होते जी मी, पण ठेवायला जागाच नव्हती. रुमालात गुंडाळून बॅगेत होते. आता कसं, घर बदलायचं झालं तर नुसतं झाकण लावायचं."

काका दाराशी परत गेले. मग बूट काढून आले आणि आपल्याच डबीला हात जोडले.

गाडीत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "वासराचं कातडं आहे ते, मेहकर."

"काय?"

"ती डबी. अस्सल इटालियन वासराचं कातडं. आणि वर बाळकृष्ण."

"मग सांगायचं ना तिला."

"सांगू? तिचा चेहरा बघितलास ना तू? तू तरी सांगितलं असतंस?" थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. "मखमल चांगली आहे म्हणा. देवाला टोचणार नाही."

पुढच्या घरांतही तेच. कोणी डबीत सुयादोरे ठेवले होते, कोणी नातवाचा पडलेला पहिला दात. काका प्रत्येक घरातून तिळगूळ खाऊन आणि हात हलवत बाहेर पडत. शेवटी त्यांनी हेलनला खरं कळवलं. तिने सभ्यपणे उत्तर दिलं की डब्यांशिवाय कपाट करता येणार नाही. पण सुटे गॉगल द्यायला तयार असाल तर मुलांच्या कोपऱ्यात टोपलीत ठेवू, शाळेची मुलं घालून बघतील.

"टोपलीत," काका म्हणाले. दिवसभर अधूनमधून ते तेवढंच म्हणत होते. काकू त्या दिवशी त्यांना एका शब्दाने बोलल्या नाहीत आणि त्यांच्या आवडीची अळूची भाजी केली.

रथसप्तमीला सकाळी मी खाली आलो तर काका सगळे ट्रे दाराशी आणून ठेवत होते. खिडकीबाहेर ढग, बारीक पाऊस. सूर्याचा सण आहे याचा आकाशाला पत्ता नव्हता.

"अहो, हे कुठे नेताय?" काकूंनी विचारलं.

"डब्यांकडे."

काकू हात पुसत दाराशी आल्या.

"जोडी मोडायची नाही," काका चिडून म्हणाले. "डब्या इकडे येत नाहीत, तर हे तिकडे जातील. नियम म्हणजे नियम."

"मग आधीच सांगायचं होतं," काकू म्हणाल्या. "वड्या थापायचे कष्ट तरी वाचले असते माझे." पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि कुंकवाचा करंडा घेऊन गाडीत येऊन बसल्या.

हा त्याग होता असं मी लिहिणार नाही, कारण काकांनी तो अत्यंत वाईट तोंडाने केला. प्रत्येक घरी त्यांनी गॉगल दिला आणि सोबत भाषण दिलं. दोन्ही हातांनी काढायचा. ओढणीने पुसायचा नाही. डोक्यावर चढवायचा नाही, तो केसांचा पट्टा नाही. दर संक्रांतीला मी तपासणीला येईन. दातारांच्या आजींनी गॉगल लावून आरशात पाहिलं आणि "मी तर बाई सिनेमातली खलनायिका दिसते" म्हणून इतक्या हसल्या की कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं.

श्वेताला मात्र अडचण आली. "काका, ठेवू कुठे याला? डबीत तर देव आहे."

काकांनी बाळकृष्णाकडे पाहिलं, हातातल्या गॉगलकडे पाहिलं. संग्रहातला हा त्यांचा सर्वांत लाडका. त्यांनी तो कधी स्वतःच्या नाकावरही ठेवला नव्हता.

"मग घाल," ते म्हणाले. "डोळ्यांवर ठेव. दुसरी जागाच नाही त्याला."

त्या जूनमध्ये मंडळाची सहल बोर्नमथला गेली आणि चक्क ऊन पडलं. समुद्रकिनाऱ्यावर साड्या, सलवार-कमीज, पायात मोजे आणि सँडल, हातात ढोकळ्याचे डबे आणि प्रत्येकीच्या डोळ्यांवर नामांकित इटालियन किंवा फ्रेंच गॉगल. आइस्क्रीमवाला गोरा पोरगा बघतच राहिला. त्याला बहुधा वाटलं, कुठल्यातरी राजघराण्याची सहल आहे. काका पोलिसासारखे फिरत होते. "रिया, डोक्यावरून खाली आण! दातार आजी, वाळूत ठेवू नका!" काकूंना मात्र गॉगल नव्हता. त्यांनी सगळ्या डब्या वाटून टाकल्या होत्या. नियमानुसार त्यांच्या वाट्याला काहीच उरत नव्हतं. त्या डोळ्यांवर तळहात धरून बसल्या होत्या. काकांनी स्वतःचा ड्युटीचा काढून त्यांच्यापुढे धरला.

"म्हणजे मला उरलेला," काकू म्हणाल्या.

"टिकाऊ आहे," काका म्हणाले, आणि दिवसभर डोळे बारीक करून उन्हात हिंडले.

मी त्या बायकांचा एक फोटो काढला. तो फार छान आला म्हणून हौसेने हेलनला पाठवला. तिने तो मोठा करून दालनात लावला. काका, काकू आणि मी बघायला गेलो. फोटोखाली लिहिलं होतं: 'समुद्रकिनारी दक्षिण आशियाई महिला'. काकांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग हेलनला विचारलं, "नाव?"

"मागच्या बाजूला आहे ना," हेलन आनंदाने म्हणाली. "छायाचित्रकाराचं."

ते माझं नाव होतं. काकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. "अभिनंदन, मेहकर," म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी पांढरा टॉवेल घडी करून कपाटात ठेवला.

पुढे मी लग्न करून एडिनबराला आलो. निघताना काकांनी मला तो ओरखड्याचा, शिकवणीचा गॉगल दिला, शिकवणीपासून माझ्याच खोलीत राहिल्याने वाणातून वाचलेल्या डबीसकट. तपासणीची अट मलाही लागू होती. यंदा संक्रांतीला काकूंनी फोन करून सांगितलं की काकांना आता प्रवास झेपत नाही आणि घरात ते फारसं बोलत नाहीत. म्हणून मी त्यांना हे पत्र पाठवलं.

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

यंदा आपण तपासणीला येऊ शकत नाही असं कळलं, म्हणून अहवाल मीच पाठवत आहे. बिजागऱ्या ठीक आहेत. उजव्या काचेवरचा जुना ओरखडा आहे तसाच आहे. डाव्या काडीवर नव्याने दातांच्या खुणा आहेत. त्या माझ्या मुलीच्या असून तिला समज दिली आहे. डबी सुस्थितीत आहे.

इतरांचीही चौकशी केली. श्वेता आता कार्डिफला आहे. स्वतःचं घर झालं, लाकडी देव्हारा आला. तुमचा गॉगल आपल्या डबीत परत गेला आहे. कातड्याचं मी अजून सांगितलेलं नाही.

काका, एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नाही, कारण तुमच्यासमोर बोलायला सगळ्याजणी घाबरतात. गॉगलांवरच्या त्या इटालियन साहेबांची नावं यांच्यापैकी कोणालाही उच्चारता येत नाहीत. श्वेता नवऱ्याला ओरडते, "माझा निमकर कुठे ठेवलास?" रिया शाळेतून निघताना पर्स चाचपून म्हणते, "शिट, निमकर राहिला." दातारांच्या आजी गेल्या, तेव्हा सुनेने त्यांच्या वस्तू काढून ठेवल्या: जपमाळ, यंत्रं आणि निमकर. स्लाऊला ऊन पडलं की घराघरांतून तुमच्या नावाने हाका सुरू होतात. बोर्नमथपासून हे चालू आहे.

काल इथे दुर्मिळ असं ऊन पडलं. मुलीला आणायला शाळेत गेलो तर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, ही मैदानात रडत होती, मला माझा निमकर हवा म्हणत होती. हा निमकर कोण? तुम्हाला ठाऊक आहे, पूर्वी मी बाईंच्या बुटांकडे बघितलं असतं. मी दप्तरात राहिलेला तिचा छोटा गॉगल डबीसकट काढला, त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि सांगितलं, आमच्याकडे याला निमकर म्हणतात. त्यांनी स्पेलिंग विचारून मुलीच्या डबीवर लिहून घेतलं.

तुमचा,
मेहकर